ऑर्डर डॉक्टरची असली तरी हात आपला असतो: नर्सनी ड्युटीवर कायदा कसा सांभाळायचा

नवीन जॉईन झालेल्या मुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो, मॅडम काही झालंच तर जबाबदारी डॉक्टरांची ना, ऑर्डर तर त्यांनीच लिहिलीय. मी प्रत्येकीला तेच सांगते की ऑर्डर त्यांची पण सिरिंज धरलेला हात तुझा, आणि उद्या कोणी विचारलंच तर त्या हाताबद्दल तुलाच विचारणार. घाबरवायला नाही सांगत मी हे. कॉलेजात कायदा एका युनिटमध्ये उरकतात, परीक्षेपुरता पाठ होतो, आणि खरी गरज पडते ती नाईटला दोन वाजता, तेव्हा कुणीच सोबत नसतं. म्हणून महाराष्ट्रात काम करणाऱ्या आपल्या मुलींसाठी, मुलांसाठी पण, ड्युटीवर नेमकं काय करायचं ते एकदा सविस्तर लिहून काढतेय.

सुरुवात रजिस्ट्रेशनपासून. जीएनएमचा डिप्लोमा किंवा बीएस्सी नर्सिंग पास झालं म्हणजे नर्स झालो असं नाही, कायद्याच्या नजरेत नर्स म्हणजे जिचं नाव कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये आहे ती. आपल्याकडे महाराष्ट्र नर्सेस अ‍ॅक्ट १९६६ आहे आणि त्याखाली महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल. देशपातळीवर १९४७ च्या कायद्यानं इंडियन नर्सिंग कौन्सिल आलं, ते प्रामुख्यानं शिक्षणाचे नियम आणि मान्यता बघतं. २०२३ मध्ये संसदेनं नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा नवा कायदा केला, त्यात जुन्या कौन्सिलच्या जागी कमिशन, राज्यात राज्याचं कमिशन आणि नॅशनल रजिस्टर अशी रचना आहे, त्यामुळे आपल्या कौन्सिलच्या नोटिसा वाचायची सवय आत्तापासूनच लावून घ्या. तुम्ही करायचं एवढंच की रिन्यूअलची तारीख मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवायची, सीएनईची, म्हणजे नोकरीत असताना केलेल्या शिक्षणाची, सर्टिफिकेटं एका फाईलला ठेवायची, आणि दुसऱ्या राज्यातून शिकून आला असाल तर इथलं रजिस्ट्रेशन हातात आल्याशिवाय ड्युटी घ्यायची नाही. हॉस्पिटलवाले म्हणतात जॉईन व्हा, कागद नंतर बघू. नंतर काही बघत नाहीत.

हे किती महागात पडतं ते बघायचं तर स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलची केस वाचा, सुप्रीम कोर्टाचा १९९८ चा निकाल. टायफॉइडसाठी अ‍ॅडमिट झालेलं लहान मूल, द्यायचं होतं क्लोरोमायसेटिन, नर्सनं दिलं लारिआगो आणि तेही शिरेतून. मुलाचं हृदय थांबलं, मेंदूला कायमची इजा झाली. नंतर कळलं की त्या नर्सचं नाव कुठल्याच राज्याच्या कौन्सिलकडे नव्हतं. भरपाई मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख. कोर्टानं हॉस्पिटलला पण सोडलं नाही आणि अशा नर्सच्या हातात इंजेक्शन सोपवणाऱ्या डॉक्टरला पण सोडलं नाही. मला मात्र त्या केसमधली आणखी एक गोष्ट कायम टोचते, अँप्युलवरचं नाव आणि केस पेपरवरची ऑर्डर शेजारी शेजारी धरून वाचली असती तर अर्ध्या मिनिटात चूक दिसली असती.

आता निष्काळजीपणा म्हणजे काय, कारण वाईट रिझल्ट आला म्हणजे निष्काळजीपणा असा सगळ्यांचा गैरसमज आहे, नातेवाईकांचा तर असतोच पण आपलाही असतो. कोर्ट चार गोष्टी बघतं. त्या पेशंटची जबाबदारी तुमच्यावर होती का, तुम्ही त्यात कमी पडलात का, पेशंटचं नुकसान झालं का, आणि ते नुकसान तुमच्या कमी पडण्यामुळेच झालं का. कमी पडलात की नाही हे मोजायची पट्टी म्हणजे तुमच्या जागी तेवढंच शिकलेली, तेवढ्याच अनुभवाची साधारण हुशार नर्स असती तर तिनं काय केलं असतं. ही पट्टी इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम केसमधून आलीय आणि आपल्या सुप्रीम कोर्टानं २००५ च्या जेकब मॅथ्यू केसमध्ये ती मान्य केलीय. ती केस होती पंजाबमधली, पेशंटला धाप लागली, ऑक्सिजनचं सिलिंडर आणलं तर ते रिकामं, दुसरं लावेपर्यंत पेशंट गेला. कोर्टानं डॉक्टरांवरची फौजदारी केस रद्द केली आणि सांगितलं की गुन्हा ठरायला साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा घोर असावा लागतो, भरपाईचा दावा हा वेगळा विषय. पण आपण यातून घ्यायचं काय, तर ओव्हर, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून चार्ज, घेताना सिलिंडरचं गेज स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, सक्शन चालू करून बघायचं, इमर्जन्सीच्या औषधांच्या क्रॅश ट्रॉलीचं सील आणि हातानं श्वास द्यायची अँब्यू बॅग बघायची आणि चेकलिस्टवर वेळ टाकून सही करायची. आधीच्या सिस्टर म्हणाल्या सगळं ओके आहे, म्हणून सही करायची नाही.

फौजदारीचं एक कलम आपल्यातल्या फार कमी जणींना माहीत आहे. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली. निष्काळजीपणानं मृत्यू हे आधी ३०४ अ होतं, त्यात सगळ्यांना जास्तीत जास्त दोन वर्षं. आता कलम १०६ आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनरनं उपचार करताना झालं तर दोन वर्षांपर्यंत. ही दोन वर्षांची सवलत कोणाला, तर त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की नॅशनल मेडिकल कमिशनच्या कायद्याखाली मान्य असलेली पदवी आणि मेडिकल रजिस्टरमध्ये नाव असलेल्याला. म्हणजे डॉक्टरला. नर्सचा त्यात उल्लेख नाही. एकाच पेशंटवर एकाच वेळी काम करणाऱ्या दोघांना कायदा असा वेगवेगळा मोजतो हे मला अजिबात पटत नाही आणि आपल्या संघटनांनी हा विषय सोडू नये असं मला मनापासून वाटतं, पण आज कागदावर आहे ते असं आहे.

आता ऑर्डर. लिहिलेली, वाचता येणारी, डोस रूट वेळ सगळं असलेली आणि खाली सही असलेली ऑर्डर असेल तरच औषध द्यायचं हा नियम, आणि फोनवरची ऑर्डर फक्त इमर्जन्सीत. फोनवर घेतली तर तिथंच लिहायची, डॉक्टरांना वाचून दाखवायची, शक्य असेल तर दुसऱ्या सिस्टरला पण ऐकवायची, आणि राऊंडला आल्याआल्या सही घ्यायची. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट, नाईट होती, पोटॅशियमचा रिपोर्ट कमी आला, रेसिडेंटला फोन केला तर ते झोपेतच म्हणाले, केसीएल एक अँप्युल आयव्ही देऊन टाका. केसीएल म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, ते डायल्यूट न करता एकदम शिरेत पुश केलं तर हृदय जागच्या जागी थांबू शकतं हे मला माहीत होतं पण ते सर मोठे आणि मी नवीन. मी फक्त एवढंच विचारलं, "सर, पाचशे एमएल सलाईनमध्ये घालून हळू सोडायचं ना, किती तासांत?" पलीकडे दोन सेकंद शांतता, मग ते पूर्ण जागे झाले आणि म्हणाले हो हो, मीच येतो खाली. आले, ऑर्डर नीट लिहिली, थँक्यू म्हणाले. प्रश्न विचारणं हा उद्धटपणा नाही, तो आपल्या कामाचाच भाग आहे.

आणि विचारूनही डॉक्टर चुकीच्याच डोसवर अडून राहिले तर? औषध द्यायचं नाही. वरच्या डॉक्टरला, इन्चार्जला, मेट्रनला कळवायचं आणि नोट्समध्ये साध्या भाषेत लिहायचं की अमुक वेळेला अमुक ऑर्डरबद्दल शंका विचारली, अमक्यांना कळवलं, त्यांनी हे सांगितलं. डॉक्टर चुकले, डॉक्टरांनी ऐकलं नाही असली टिप्पणी करायची नाही. नोट्स हे भांडायचं ठिकाण नव्हे.

नोट्सवर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण तीन चार वर्षांनी केस उभी राहते तेव्हा पेशंटचा चेहरा पण आठवत नसतो, आठवतो तो कागद. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पुढं सुनावणी किती चालेल ते सांगता येत नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणी लिहितात, पेशंट कम्फर्टेबल, व्हायटल्स स्टेबल, डॉक्टरांना इन्फॉर्म केलं. या वाक्यानं काहीच सिद्ध होत नाही. कुठल्या डॉक्टरांना, किती वाजता, काय इन्फॉर्म केलं? तीच नोट अशी लिहून बघा: रात्री २.१०, पेशंट म्हणतात श्वास लागतोय, एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन) ८६, रेस्पिरेशन ३२, पल्स ११८, बीपी १००/६०. बेड वर केला, मास्कनं ऑक्सिजन ६ लिटर सुरू. २.१३ ला ऑन ड्युटी डॉक्टरांना, नाव लिहून, फोन केला, वरचे आकडे सांगितले. २.२५ ला डॉक्टर आले नाहीत, पुन्हा फोन, सीनियर डॉक्टरांना पण कळवलं. २.३१ ला डॉक्टर बेडजवळ. खाली पूर्ण सही, नाव, रजिस्ट्रेशन नंबर. लिहायला फार तर दोन मिनिटं लागतात, आणि त्या वीस मिनिटांत तुम्ही काय करत होतात याचं उत्तर तुमच्याआधी कागदच देतो.

चुकलं तर व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही, एक सरळ रेघ मारायची की खालचं वाचता येईल आणि बाजूला सही, तारीख, वेळ. नंतर आठवलं तर उशिराची नोंद असं स्पष्ट लिहून आत्ताचीच वेळ टाकायची. सकाळी सहाला बसून रात्रभरच्या बीपीचा चार्ट एकाच पेननं एका दमात भरायचा हा प्रकार मी बघितलाय, एका वॉर्डात तर पेशंट आयसीयूत शिफ्ट झाल्यानंतरच्या वेळेचं पण टेंपरेचर भरलेलं सापडलं होतं. असा एक खोटा आकडा सापडला की बाकीच्या खऱ्या शंभर आकड्यांवर पण कोणी विश्वास ठेवत नाही. औषध दिल्यावरच सही, आधी नाही. पेशंटनं औषध नाकारलं तर नाकारलं असं लिहा, का नाकारलं ते त्याच्याच शब्दांत. डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, घेऊन जातायत तर काय धोका आहे ते डॉक्टरांनी सांगितलं, कोणाच्या समोर सांगितलं, कोणत्या भाषेत सांगितलं हे सगळं.

ऑपरेशन थिएटरमधल्या मुलींनी मॉप काउंट, म्हणजे रक्त टिपायला वापरलेल्या कापडांची मोजणी, ही नुसती औपचारिकता समजू नये. औरंगाबादच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये १९६३ साली बाळंतपणानंतर नसबंदी झालेल्या बाईच्या पोटात मॉप राहिला आणि ती गेली. तिच्या नवऱ्यानं लढलेली अच्युतराव खोडवा केस १९९६ ला सुप्रीम कोर्टात निकाली लागली आणि सरकारला जबाबदार धरलं गेलं. बघा, तेहेतीस वर्षं. पोट बंद करायच्या आधी काउंट जुळत नसेल तर मोठ्यानं सांगायचं, सर्जन चिडले तरी, आणि सांगितल्याची वेळ लिहायची.

कन्सेंटच्या बाबतीत सोपं लक्षात ठेवा, ऑपरेशन समजावून सांगणं हे डॉक्टरचं काम, आपण साक्षीदार म्हणून सही करतो ती फक्त एवढ्याचीच की ही सही याच पेशंटनं, शुद्धीत, आपल्यासमोर केली. मग कोरा फॉर्म ट्रॉलीवर ठेवून सिस्टर सह्या घेऊन टाका असं कोणी म्हणालं तर म्हणायचं, सर तुम्ही बोलून घ्या, मी तिथंच उभी राहते. पेशंट अठरा वर्षांवरचा आणि भानावर आहे तर सही त्याचीच, नवऱ्याची नाही, सासूची नाही, मुलाची नाही. समीरा कोहली केसमध्ये, २००८ चा निकाल, पेशंट भुलीत असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं, कोर्टानं ती संमती धरलीच नाही, कारण पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. गर्भपाताच्या कायद्यात पण सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे, तरी आपल्याच वॉर्डात नवऱ्याला बोलवा म्हणून तिला परत पाठवतात. हे थांबवा. जीव वाचवायची घाई असेल आणि सही द्यायला कोणी नसेल तर उपचार थांबत नाहीत, १९८९ च्या परमानंद कटारा निकालापासून इमर्जन्सीला आधी उपचार आणि मग पोलीस, कागद हे ठरलेलं आहे.

गुप्ततेच्या बाबतीत आता सगळ्यात मोठा धोका आपल्या खिशातला मोबाईल आहे. जखमेचा फोटो डॉक्टरांना पाठवायचा म्हणून काढला, तो ग्रुपवर गेला, ग्रुपमधल्या कोणी पुढं ढकलला, आणि फोटोत हातावरचा टॅटू दिसतोय. वॉर्डात रील करताना मागं बेडवरचा पेशंट दिसतोय. नका करू. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात संमतीशिवाय टेस्ट नाही आणि स्टेटस उघड करणं नाही, त्यामुळे बेडच्या बोर्डावर किंवा फाईलच्या कव्हरवर लाल पेननं काहीतरी लिहून ठेवायची जुनी सवय बंद व्हायला हवी, खबरदारी सगळ्याच पेशंटच्या रक्ताची सारखी घ्यायची असते. लैंगिक अत्याचाराच्या पेशंटचं नाव बाहेर गेलं तर तो थेट गुन्हा आहे. नातेवाईक केस पेपरची झेरॉक्स मागतात तेव्हा आपण काउंटरवर काढून द्यायची नाही आणि मिळणार नाही असंही म्हणायचं नाही, लेखी अर्ज घ्यायचा, रेकॉर्ड डिपार्टमेंटकडे पाठवायचा, ७२ तासांत कागद देणं हे डॉक्टरांच्या नियमावलीत लिहिलेलं आहे.

एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस, आली की कपडे धुवायला किंवा कचऱ्यात टाकायचे नाहीत, जसे आहेत तसे ठेवायचे आणि डॉक्टरांसमोर सील करायचे, पोलिसांना दिले की पोच घ्यायची. बलात्कार किंवा अ‍ॅसिडच्या पेशंटला सरकारी असो की खाजगी, मोफत प्रथमोपचार देणं बंधनकारक आहे, परत पाठवणं गुन्हा आहे. अठराच्या आतली मुलगी असेल तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, कळवणं प्रत्येकाचं कर्तव्य आहे, प्रत्येकाचं म्हणजे आपलंही, डॉक्टरनी केलं असेल असं गृहीत धरायचं नाही, विचारायचं आणि लिहायचं. जळालेली बाई ड्रेसिंग करताना काही सांगायला लागली तर आधी डॉक्टरांना बोलवा, आणि ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, वेळ टाकून लिहा, सुधारून लिहू नका. तिचे ते शेवटचे शब्द ठरले तर कोर्ट ते वाचतं.

आपलं काम दुसऱ्याला देताना, मावशींना एनिमाची तयारी करायला सांगणं वेगळं आणि आयव्ही बंद करायला सांगणं वेगळं. मामा कितीही अनुभवी असले तरी इंजेक्शन नाही. विद्यार्थिनी असेल तर शेजारी उभं राहून. तुम्ही सांगितलं आणि त्यांनी केलं तर उत्तर तुम्हालाच द्यायचंय. तसंच उलटं पण, डॉक्टर जागेवर नाहीत म्हणून टाके घाला, डिस्चार्जची औषधं लिहा असं सांगितलं तर नाही म्हणायचं.

चिडलेल्या किंवा भ्रमात असलेल्या पेशंटला बांधण्याबद्दल, मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ मध्ये स्पष्ट आहे की तातडीची इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तरच, सायकियाट्रिस्टच्या परवानगीनं, गरज असेल तेवढाच वेळ. आणि त्यात एक वाक्य आहे जे प्रत्येक वॉर्डात लावायला हवं, शिक्षा म्हणून किंवा स्टाफ कमी आहे म्हणून बांधायचं नाही.

स्टाफ कमी हा तर रोजचाच विषय. तीस पेशंट आणि एकटी सिस्टर, तुम्ही ड्युटी सोडून जाऊ शकत नाही, पण गप्प पण बसू नका. शिफ्ट सुरू होतानाच मेट्रनना लेखी कळवा की इतके पेशंट, त्यात व्हेंटिलेटरवर इतके, स्टाफ इतका, मदत हवी आहे. पोचेची सही घेतलेली कॉपी घरी ठेवा. पुढं काही झालं तर तुम्ही वेळेत सांगितलं होतं हे दाखवता येतं आणि जबाबदारी व्यवस्थेकडे जाते, जिथं ती असायला हवी.

मारहाण झाली तर सोसायची नाही. महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, हॉस्पिटलमधल्या हिंसेसाठी, त्यात नर्सेस आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी दोघी येतात. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र आणि तोडफोडीची दुप्पट भरपाई. एफआयआर देताना या कायद्याचं नाव घेऊन सांगा, नाहीतर साधी एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घरी पाठवतात.

आणि शेवटी नोटीस आली तर. पहिल्या दिवशी रेकॉर्डला हात लावायचा नाही, एक अक्षर पण वाढवायचं नाही, मूळ चूक माफ होईल पण नंतर बदललेला कागद माफ होत नाही. लगेच मेट्रन आणि ऑफिसला लेखी कळवायचं, आपल्या नोट्सची झेरॉक्स रीतसर मागून घ्यायची. घरी बसून, आठवतंय तोवर, त्या शिफ्टमध्ये कोण कोण होतं आणि काय झालं ते स्वतःच्या वहीत तारीख टाकून लिहायचं आणि ती वही फक्त वकिलाला दाखवायची. नातेवाईकांशी, पत्रकारांशी, ग्रुपवर त्याबद्दल बोलायचं नाही. पोलिसांनी जबाबाला बोलावलं तर जायचं, पण हॉस्पिटलला आणि वकिलाला सांगून, आणि जबाब पूर्ण वाचून, माहीत आहे तेवढंच सांगून. हॉस्पिटलचा वकील हॉस्पिटलचा असतो, त्यांची बाजू आणि तुमची बाजू वेगळी पडू शकते, म्हणून स्वतःचा इंडेम्निटी इन्शुरन्स, म्हणजे कामातल्या चुकीच्या दाव्यासाठीचा विमा, काढून ठेवा आणि काढताना एजंटला नीट विचारा की वकिलाची फी त्यात धरलीय का, आणि नोकरी बदलल्यावर जुन्या हॉस्पिटलमधल्या शिफ्टसाठी पण तो चालतो का.